पलीकडच्या खोलीतला ‘ळ’

१

दुपारी जेवणं झाली की हे कानातलं यंत्र काढून बशीत ठेवायचे आणि आरामखुर्चीत मान टाकायचे. मी भांडी विसळून, ओटा पुसून पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचे. परक्या देशात आल्यावर आमचा दिवस ज्या काही सवयींनी बांधला गेला होता, त्यातली ही माझी सगळ्यात आवडती. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान. त्याचं मशीन मधूनच खरखरायचं. बाकी सगळी इमारत झोपलेली असायची.

अशाच एका दुपारी भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला, “अहो, पंखा जरा बारीक करा.”

मी झोपेतच म्हणाले, “हे झोपलेत.”

मग डोळे उघडले. मराठी? इथे?

आम्ही तिथे का आलो ते सांगते. हे छापखान्यात मशीनवर होते, मी रुग्णालयात कानांची तपासणी करायचे. ‘हिने माझे कान तपासले आणि पसंत केले,’ असं हे लोकांना सांगायचे. ते खोटं होतं, पण ऐकायला बरं वाटायचं. यांचे कान पुढे खरोखरच मशीनने खाल्ले. दोघं निवृत्त झालो आणि लक्षात आलं, की पेन्शन आहे तिथेच थांबलीय आणि बाकी सगळं पुढे निघून गेलंय. औषधं, डॉक्टर, सोसायटीची वर्गणी. एकुलती लेक, तिचं लग्नाआधीचं नाव काही का असेना, घरात ती ढमीच. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून. तिचं घर दोन खोल्यांचं. तिच्यावर जाऊन पडायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

छापखान्यातल्या यांच्या एका जुन्या सोबत्याने फोटो पाठवले. मोठी खिडकी, स्वच्छ न्हाणीघर, गच्चीतून दिसणारी झाडं. म्हणे इथे आपल्या पेन्शनीत माणूस राजासारखा राहतो. आम्ही आलो तेव्हा तो सोबती तिथे नव्हता. मायदेशी परत गेला, असं कळलं.

“एवढं स्वस्त का आहे पण?” मी विचारलं होतं.

“तुला कोणी फुकट अमृत दिलं ना,” हे म्हणाले, “तरी तू बाटली उलटी करून तारीख बघशील.”

२

आपल्या भाषेचं माणूस भिंतीला भिंत लावून राहतंय म्हटल्यावर मला कोण आनंद! तोंड धुतलं, केस नीट केले आणि शेजारचं दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. दाराच्या मुठीवर धुळीचा थर होता, माझ्या बोटांचे ठसे त्यावर स्वच्छ उमटले.

खाली घरमालकिणीकडे गेले. उंच, नीटनेटकी बाई, वय सांगता येऊ नये अशी. ती तिच्या मोडक्या इंग्रजीत बोलायची, आम्ही आमच्या. तिची एक सवय मला पहिल्या दिवसापासून खटकली होती. आपण बोलत असलो की तिचे ओठ किंचित हलायचे. जणू आपला शब्द ती चाखून बघतेय.

“त्या खोलीत कोणी राहत नाही,” ती म्हणाली. “जुन्या गाद्या आहेत.”

“मी आवाज ऐकला. आमच्या भाषेत.”

“पाइप जुने झालेत. आणि तुमच्या भाषेचं इथे तुमच्याशिवाय कोणी नाही.”

“कमाल आहे,” मी माझ्याशीच पुटपुटले आणि वळले.

“कमाल आहे,” मागून ती म्हणाली. हेल अगदी माझा. “बरोबर म्हणाले?”

“बरोबर,” मी म्हणाले. काय म्हणणार?

वर येताना मी स्वतःची समजूत घातली. कानाला रिकामं बसता येत नाही. शांतता फार झाली की तो पाइपातल्या पाण्यातून, पंख्याच्या घरघरीतून ओळखीचे शब्द घडवतो. ‘आजोबा, हे भास नव्हेत, कानाची सवय आहे,’ असं मी किती जणांना सांगितलं होतं! ते मान डोलवायचे, पण चेहऱ्यावर विश्वास नसायचा. माझा चेहरा आता तसाच झाला असणार.

“भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं,” हे हसून म्हणाले. “तुझ्या भिंतीला तोंडही आहे वाटतं.”

३

मग मी दुपारची झोपेनाशी झाले. पडायचे, पण कान भिंतीला.

बरेच दिवस काही नाही. मग पुन्हा तीच बाई.

“केलं,” ती म्हणाली.

टक. लाकडावर अंगठी आपटावी तसा आवाज.

“केलं.” टक. “केलं.” टक. “के... केळं.”

या वेळी टक झालं नाही.

“बाल.” टक. “बाळ. जवळ. सगळं. आभाल.” टक. “आभाळ. कंटाळा.”

ही पद्धत मला पाठ होती. तपासणीच्या बंद खोलीत मी तोंडापुढे कागद धरून एकेक शब्द म्हणायचे आणि समोरच्याने तो जसा ऐकू आला तसा परत म्हणायचा. भिंतीपलीकडे तेच चाललं होतं, फक्त उलटं. तिथे कोणी ऐकायला शिकत नव्हतं. बोलायला शिकत होतं.

आणि आवाज? आपला स्वतःचा आवाज आपल्याला ओळखू येत नाही, हे मी धंद्याने जाणते. तो आपल्याला हाडांतून ऐकू येतो, इतरांना हवेतून. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून लोक म्हणतात, हा मी नव्हेच. म्हणून मी स्वतःला विचारलं, की बाई गं, हा आवाज तुला अनोळखी वाटतो तो खरंच अनोळखी आहे म्हणून, की तो तुझाच आहे म्हणून?

त्या दिवशीची शेवटची ओळ ऐकून मी उठून बसले.

“ढमे, बाला.” टक. “ढमे, बाळा.”

ढमी हे नाव आमच्या उंबऱ्याबाहेर गेलेलं नव्हतं. जावईसुद्धा तिला तशी हाक मारत नाहीत.

४

ढमीला मी रविवारी फोन करायचे. तिथलं इंटरनेट रडकं. व्हिडिओ लावला की तोंडं वाकडी होऊन थिजायची, म्हणून नुसतंच बोलायचो. आमचं बोलणं म्हणजे तरी काय? मी विचारायचे, नातीचं वजन वाढलं का, तू वेळेवर जेवतेस का, पडदे धुतलेस का. ती म्हणायची, आई, पुरे. मग फोन यांच्याकडे. मायलेकींचं सख्य आमच्यात होतं, पण ते चहातल्या आल्यासारखं, जरा झोंबणारं.

त्या रविवारी ढमीचा सूर वेगळाच होता. मऊ.

“आई, तू सांगितलंस ना, तसंच केलं मी. त्यांच्याशी भांडले नाही. नुसती शेजारी बसून राहिले. तर आपणहून बोलले गं सगळं.”

“काय बोलले?”

“अगं, नोकरीचं. परवा नाही का मी तुला सांगितलं? किती शांतपणे ऐकून घेतलंस तू. मला वाटलं होतं, आता आई सुरू होणार की मी आधीच म्हणाले होते.” ती हसली. “मी तर बाथरूममध्ये जाऊन रडले नंतर. बरं वाटलं म्हणून.”

परवा मी फोन केला नव्हता. जावयांची नोकरी गेल्याचं मला त्या क्षणी कळत होतं.

ते तेव्हाच बोलायला हवं होतं. ‘ढमे, तो फोन माझा नव्हता.’ इतकं साधं वाक्य. पण तिचा तो मऊ सूर कानात होता. आणि मनात आलं, की मीच केला असेन का? वय झालं. पेला कुठे ठेवला ते विसरते, फोन केल्याचं विसरले नसेन कशावरून?

“आई? आहेस ना?”

“आहे,” मी म्हणाले. “काळजी करू नकोस. होईल सगळं ठीक.”

फोन ठेवल्यावर मी त्यातली नोंद पाहिली. परवाचा एकही फोन नव्हता. पण आमचा फोन कुठला आणि त्यातली नोंद कुठली! ती पुसताही येते म्हणे. कोणी पुसली असेल? मी स्वयंपाकघराच्या दारातून यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीशी उभे राहून शिट्टी वाजवत होते.

५

वरच्या मजल्यावर एक विधवा बाई राहायची. तीही परदेशातलीच, दुसऱ्या कुठल्या तरी देशातली. शाळेत गाणं शिकवायची. सदानकदा गवती टोपी घालायची म्हणून आम्ही तिला टोपीवाली म्हणायचो. इमारतीत ती आमच्या कितीतरी आधीपासून होती. गच्चीत कपडे वाळत घालताना मी तिला गाठलं.

“तुमच्या खोलीशेजारी कधी आवाज येतो का हो?”

तिने चादर झटकली. “आता नाही येत.”

“म्हणजे आधी यायचा?”

“सुरुवातीला सगळ्यांनाच झोप लागत नाही इथे. होते सवय.” मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “मुलं आहेत?”

“एक मुलगी.”

“माझा मुलगा आहे. फार गुणी. आधी सहा-सहा महिने फोन करायचा नाही. आता रोज बोलतो.”

“अरे वा! रोज तुमच्याशी बोलतो?”

तिने दोरीवरचा चिमटा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

“बोलतो,” ती म्हणाली. “बोलणं महत्त्वाचं. आपण आपले हट्टी. चुकीच्या वेळी चुकीचं बोलतो. तो आता किती हसतो म्हणून सांगू!”

“पण तुम्हाला कसं कळतं तो हसतो ते?”

तिने टोपी खाली ओढली. चेहरा दिसेनासा झाला.

“मालकीणबाई सांगतात,” ती म्हणाली आणि ओली चादर तशीच टाकून जिना उतरून गेली.

६

हे रोज सकाळी दूध आणायला खाली जायचे आणि दूध नासेल इतक्या वेळाने वर यायचे. कुठे होतात म्हटलं की ‘जरा गप्पा’. एवढे दिवस मी लक्ष दिलं नव्हतं. आता मनात पाल चुकचुकली.

“कोणाशी गप्पा मारता हो?”

“मालकीणबाईंशी. चांगली बाई आहे गं. समोर बसून नीट बोलते, मला ओठ दिसतात. शिवाय ऐकते. माझं ऐकतंय कोण दुसरं?”

“काय ऐकते?”

“असंच. घरचं. ढमी लहानपणी कशी होती, तिला गोवर आला तेव्हा तू कशी जागलीस, तू रागावलीस की काय म्हणतेस. तिला आपल्या भाषेचं भारी कौतुक. मामाला काय म्हणतात, आत्याला काय म्हणतात, सगळं विचारते. तो ‘ळ’ काही जमेना बिचारीला. परवा जमला एकदाचा!”

असं म्हणून हे लहान मुलासारखे हसले. मी हातातली सुरी खाली ठेवली.

“काय काय सांगितलंत तिला?”

“सगळं! त्यात चोरून ठेवण्यासारखं काय आहे? आपण काय राजघराणं आहोत?”

“तिला ढमीचा नंबर दिलात का?”

हे कानातलं यंत्र चाचपू लागले. मग म्हणाले, “भाड्याच्या कागदावर लिहावा लागतो. जवळचे नातेवाईक म्हणून.”

मी त्यांना सगळं सांगितलं. भिंतीपलीकडचे शब्द, ढमीचा न केलेला फोन, टोपीवाली. हे ऐकत होते, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होते. त्या दुपारी मी यंत्र त्यांच्या कानात घालायला लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि त्यांना भिंतीशी बसवलं. यांनी कान टेकवला. मी यांचा चेहरा बघत राहिले.

यांना काहीतरी ऐकू आलं. मी शपथेवर सांगेन. आधी कपाळाला आठी पडली, मग ती गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. घाबरल्याचं नव्हे. खूप दिवसांनी घरचं पत्र यावं तसं.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

यांनी यंत्र काढलं. “पाइप आहेत,” म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्याशी कधी खोटं बोलले नसतील असं नाही. पण खोटं बोलताना यांचा कान लाल व्हायचा. या वेळी झाला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

७

दुसऱ्या दिवसापासून दूध मी आणू लागले. यांना खाली जाऊ दिलं नाही. घरमालकीण जिन्यात भेटली की हसायची. मी हसायचे नाही.

एका दुपारी भाजी घेऊन वर आले आणि जागीच थांबले. शेजारचं दार किलकिलं होतं.

आत गाद्या नव्हत्या. आमचीच खोली होती, आरशात बघावी तशी उलटी. पलंग उजवीकडे, खिडकी डावीकडे. खिडकीला पडदे, आमच्यासारखेच, पण नुकते धुतलेले. खुर्चीत घरमालकीण डोळे मिटून बसली होती. तिचं अंगठीचं बोट खुर्चीच्या हातावर टेकलेलं, उचललेलं नव्हतं. आणि पलंगाच्या कडेवर, माझ्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. पांढरे केस, मागे छोटा अंबाडा. चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. फोन मांडीवर. त्यातून ढमीचं रडणं ऐकू येत होतं.

“मला नाही जमत आता, आई. ऑफिस, घर, पोरगी, हे दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. मी कोणाला सांगू?”

“मला सांग,” ती बाई म्हणाली. “तू दमली आहेस, ढमे. दमणं काही पाप नाही, बाळा. आज भांडी तशीच राहू देत. पड जरा. मी आहे.”

ते ‘बाळा’ किती स्वच्छ होतं! मला जन्मात तसं म्हणता आलं नव्हतं. मी भांड्यांबद्दल नक्कीच काहीतरी बोलले असते.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ‘ढमे, ही मी नाही!’ एवढंच. पण लेक रडत होती आणि तिचं रडणं हळूहळू थांबत होतं. मध्येच मी किंचाळले असते तर तिचं काय झालं असतं? मी म्हटलं, आधी तिला शांत होऊ दे. मग बघते हिला. भाजीची पिशवी छातीशी धरून मी माझ्याच लेकीचं सांत्वन होताना ऐकत उभी राहिले.

फोन संपला. घरमालकिणीने डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. वर्गाबाहेर पालक आले की शिक्षिका बघते तसं. तिने त्या बाईला हलकेच काहीतरी म्हटलं, आणि ती बाई वळू लागली.

मला तिचा चेहरा दिसला नाही. मी दिसू दिला नाही, डोळे खाली केले. त्याआधी दिसला तो फक्त कान. हजारो कान पाहिलेत मी, तो पाहायला मला अर्धा क्षण पुरला. पाळी नीट होती, वळसे नीट होते, माझ्याच कानासारखे. पण मधे, जिथून आत जायचं, तिथे काही नव्हतं. भोकच नव्हतं. गालासारखी सपाट, गुळगुळीत कातडी.

बटाटे जिन्यावरून गडगडत गेले. मी आमच्या दाराला आतून कडी घातली.

८

त्यानंतर पलीकडची खोली बंद पडली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी भिंतीला कान लावून बसायचे. टक नाही, शब्द नाही, श्वास नाही. शिंप्याच्या मशीनशिवाय काही नाही. मला वाटलं, आपण पाहिलं म्हणून ते गेलं. चोराला दिवा दाखवला की तो पळतो. मी यांना म्हणालेसुद्धा, “बघितलंत? बंद झालं की नाही?”

“झालं,” हे म्हणाले. हल्ली हे फार मोजकं बोलत होते.

पण ढमीही फोन उचलेना. रविवारी नाही, सोमवारी नाही. घंटा वाजायची आणि तुटायची. पुढे घंटाही वाजेना. मग लख्ख प्रकाश पडला, की ढमीने आपला नंबर बंद करून ठेवलाय. मी पिशवी उचलली, रस्ता ओलांडला आणि शिंप्याकडे गेले. हातवारे करून त्याचा फोन मागितला. भला माणूस, मशीन थांबवून त्याने फोन पुसून दिला.

“हॅलो?” ढमीचा आवाज.

“ढमे, मी आई. नीट ऐक. मधे तुला जे फोन आले ना, ते माझे नव्हते. इथे एक बाई आहे, ती...”

मग ढमी म्हणाली, “हे बघा, मला सांगून ठेवलंय, की असा फोन येईल म्हणून. आवाज अगदी आईसारखा असेल, म्हणून. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. पण पुन्हा त्रास देऊ नका.”

तुम्ही! माझी लेक मला तुम्ही म्हणत होती.

“थांब, ठेवू नको! ढमे, मी तुला असं सांगते जे बाबांनाही माहीत नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तू बॅग भरून निघून गेली होतीस. त्या मुलाबरोबर. दुपारी परत आलीस, एकटी. मी दार उघडलं. काही विचारलं नाही. बॅग घेतली, तुझे कपडे घड्या करून कपाटात लावले आणि तुला म्हणाले, तोंड धुऊन घे, बाबा येतील. आजवर मी हे कोणाला सांगितलं नाही. तुझ्यापाशीसुद्धा कधी विषय काढला नाही.”

तिचा श्वास थांबला. मला तो थांबलेला ऐकू आला.

“आई?” ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात, त्या दुपारी दारात उभी होती तशी. “आई, तू...”

आणि तिच्या मागून, तिच्या घरातून, नळाच्या पाण्याच्या आणि नातीच्या हसण्याच्या आवाजातून कोणीतरी विचारलं, “कोणाचा फोन गं, ढमे?”

माझी लेक मूर्ख नाही. तिला कळलं होतं. मी तिला ओळखते, तिला सगळं कळलं होतं. दोन्ही बाजूंना आपली आई घेऊन ती मधे उभी होती. एका बाजूला मी होते, इतक्या लांब, पडद्यांबद्दल विचारणारी. दुसऱ्या बाजूला धुतलेली भांडी होती, हसणारी पोर होती.

“कोणाचा नाही गं, आई,” ती तिकडे म्हणाली. “राँग नंबर.”

मग फोनच्या अगदी जवळ तोंड आणून, माझ्यापुरतं कुजबुजली, “तब्येतीला जपा.”

शिंपी मला पाणी देत होता. मी ते घेतलं की नाही, आठवत नाही. रस्ता ओलांडला, जिना चढले. हे खुर्चीत बसले होते. मी कपाटावरची बॅग खाली ओढली, पलंगावर उघडली आणि कपडे कोंबायला लागले. यांना काहीच सांगितलं नव्हतं, सांगायला उसंतच नव्हती. फक्त समोर उभी राहिले आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, “उठा. आत्ताच्या आत्ता निघायचं. ढमीकडे जायचं.”

हे उठले. माझ्या हातातला सदरा काढून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि तो परत कपाटात ठेवला.

“अगं, कुठे जायचं?” लहान मुलाला समजवावं तशा मायेने हे म्हणाले. “तिथे तर आपण आहोत की.”